पंधरा मीटरच्या आत डोकं वर!

पुण्यात डेक्कनच्या टिळक टँकवर काय किंवा बालेवाडीच्या तलावावर काय, पोहण्याच्या मास्टर्स स्पर्धेची (वय 25 आणि पुढे) तयारी करणाऱ्यांत एक समज घट्ट बसलाय: "पाण्याखालून जाऊ नये, चहूबाजूंनी पाणी अडवतं." ऐकायला पटतं. मग फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये सूर मारल्यावर आणि प्रत्येक टर्ननंतर 15 मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर आलंच पाहिजे, असा नियम कशाला? हळू जाणाऱ्याला कोण अडवतं?

1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये जपानच्या दाइची सुझुकीने 100 मीटर बॅकस्ट्रोकची सुरुवातच सुमारे 30 मीटर पाण्याखालून केली आणि सुवर्णपदक नेलं. त्यानंतर बॅकस्ट्रोकला आधी 10, मग 15 मीटरची मर्यादा आली. बटरफ्लायला ती 1998 मध्ये लागली.

खरी गंमत लाटेत आहे. पृष्ठभागावर पोहताना आपण पाणी वर उचलतो, आणि त्याची ऊर्जा आपल्याच दंडांतून जाते. खोल पाण्यात लाट जितकी लांब तितकी वेगवान. आपण उठवलेली लाट आपल्याच वेगाने सोबत येते, म्हणून वेग वाढवला की ती लांबते. लांबता लांबता ती शरीराएवढी झाली की एक उंचवटा पुढे, दुसरा पायांशी आणि कंबर मधल्या खळग्यात. त्यापुढे जायचं तर स्वतःच्याच लाटेवर चढायचं! लाटेची लांबी 2 मीटर धरा: 9.8 (गुरुत्व त्वरण) गुणिले 2, भागिले 2π (π म्हणजे 3.14), त्याचं वर्गमूळ. उत्तर सेकंदाला सुमारे 1.77 मीटर, म्हणजे 50 मीटरला 28 सेकंद. ब्राझीलच्या सेझार सिएलोने 2009 मध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलला 20.91 सेकंद नोंदवले, म्हणजे मर्यादा ओलांडता येते, पण ताकद भयंकर लागते. मीटरभर खाली गेलं की लाट जवळपास उठतच नाही. उरतं घर्षण आणि शरीराच्या आकाराचा विरोध. हात कानामागे घट्ट जुळवून डॉल्फिन किक (दोन्ही पाय जुळवून माशासारखी लाथ) मारणाऱ्याला तो परवडतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा 'आधी भराभर श्वास घ्या, ऑक्सिजन साठतो' हा सल्ला मात्र जीवघेणा आहे. रक्तात ऑक्सिजन आधीच जवळजवळ काठोकाठ असतो. भराभर श्वासाने कार्बन डायऑक्साइड तेवढा घटतो, श्वास घ्यावासा वाटतच नाही आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडतो.

मास्टर्सना बटरफ्लायमध्ये ब्रेस्टस्ट्रोकची किक चालते, सूर न मारता पाण्यातूनच सुरुवात केलेलीही चालते. 15 मीटरला मात्र सवलत नाही.