अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज: दोन वर्ग, दोन प्रमाणपत्रं आणि त्यांच्या मुदती

अमेरिकेत कर्ज डोक्यावरून गेलं म्हणून कोणी थेट दिवाळखोरीचा अर्ज टाकू शकत नाही. १७ ऑक्टोबर २००५ पासून तिथल्या कायद्याने दोन वर्ग सक्तीचे केलेत. एक अर्जाआधी, दुसरा अर्जानंतर. पहिल्याशिवाय दारात घेत नाहीत, त्यामुळे तो सहसा राहत नाही. राहतो तो दुसरा.

आधी पात्रतेबद्दल, कारण आपल्या लोकांना हा प्रश्न पडतोच. नागरिकत्वाची अट नाही. अमेरिकेत राहणारा, व्यवसाय असणारा किंवा मालमत्ता असणारा माणूस अर्ज करू शकतो, मग तो एच-१बी व्हिसावर का असेना. (व्हिसा किंवा ग्रीन कार्डावर काय परिणाम होईल, हा वेगळा विषय. तो इमिग्रेशनच्या वकिलालाच विचारा.)

पहिला वर्ग म्हणजे क्रेडिट कौन्सेलिंग. अर्जाआधीच्या १८० दिवसांत झालेलं हवं. समुपदेशक तुमची मिळकत, खर्च आणि देणी मांडून दिवाळखोरीवाचून काही वाट निघते का ते बघतो. तास-दीड तास लागतो, फोनवर किंवा ऑनलाइनही चालतं. त्याने परतफेडीची योजना आखली तर ती मान्य करायची सक्ती नाही, पण प्रमाणपत्रासोबत कोर्टात जोडावी लागते. बसताना पगाराच्या अलीकडच्या स्लिपा, कार्डांची बिलं, हप्त्यांचे आकडे आणि ओळखपत्र हाताशी ठेवा.

संस्था मान्यताप्राप्तच हवी. मान्यता यू.एस. ट्रस्टी प्रोग्राम (दिवाळखोरीच्या कामावर देखरेख करणारी न्याय खात्याची शाखा) देतो आणि यादी न्याय खात्याच्या संकेतस्थळावर असते. अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलायनात ही व्यवस्था कोर्टाच्या अखत्यारीत आहे. ‘कर्ज अर्ध्यावर आणून देतो’ अशा जाहिराती करणाऱ्या कंपनीचा कागद इथे चालत नाही.

दुसरा वर्ग पैशांच्या व्यवस्थापनाचा, साधारण दोन तासांचा. तो केस नंबर मिळाल्यावरच करायचा. पहिल्याच्या प्रमाणपत्रावर भागत नाही. चॅप्टर ७ मध्ये (दिवाळखोरीचा हा प्रकार म्हणजे विकता येण्याजोगी मालमत्ता विकून देणी भागवणं) धनकोंच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्यांच्या, सभेची जी पहिली तारीख ठरते, तिथून ६० दिवसांत प्रमाणपत्र कोर्टात पोहोचायला हवं. सभा पुढे ढकलली तरी मोजणी त्या पहिल्या तारखेपासूनच. चॅप्टर १३ मध्ये (ठरलेल्या योजनेनुसार हप्त्यांनी देणी फेडायचा प्रकार) शेवटच्या हप्त्यापर्यंत वेळ असतो, म्हणजे तीन ते पाच वर्षं, आणि एवढ्या काळात माणूस विसरतोच. प्रमाणपत्र नसेल तर कर्जमाफीचा आदेश न देताच केस बंद होते: दिवाळखोरीची नोंद राहते आणि कर्जही राहतं. म्हणून संस्था परस्पर पाठवेल असं धरून बसू नका, वकिलाकडून खात्री करून घ्या. जुन्या माहितीत, दुसरा वर्ग केल्याचं कोर्टाला कळवायला ‘फॉर्म ४२३ भरा’ असं सापडेल. तो १ डिसेंबर २०२४ पासून रद्द झालाय, आता प्रमाणपत्रच दाखल करतात.

फी प्रत्येक वर्गाला ५० डॉलरपर्यंत वाजवी धरतात. कुटुंबाचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांहून कमी असेल तर फीमाफी मिळू शकते, मात्र पैसे भरण्याआधी विचारा. नवरा-बायकोचा अर्ज एकत्र असला तरी प्रमाणपत्रं दोघांची वेगवेगळी लागतात.

गंभीर मानसिक अक्षमता, वर्ग करताच येऊ नये असं शारीरिक अपंगत्व किंवा युद्धक्षेत्रातली सैनिकी सेवा असेल तर कोर्ट सूट देतं. आणि उद्याच घराचा लिलाव असेल, संस्थेकडे मागणी करूनही सात दिवसांत वेळ मिळत नसेल, तर तसं लिहून देऊन अर्ज आधी दाखल करता येतो. कोर्टाला ते पटलं तर पहिला वर्ग अर्जानंतर ३० दिवसांत पुरा करायचा. सबळ कारण असेल तर आणखी १५ दिवस मिळू शकतात.