दाढीचे तेल

दाढीचे तेल : दाढीचे केस आणि त्याखालची कातडी मऊ राहावी म्हणून लावायचे व न धुता तसेच राहू द्यायचे पातळ तेल. बाजारात ते ‘बिअर्ड ऑइल’ या नावाने, बहुधा ३० किंवा ५० मिलि.च्या गडद रंगाच्या ड्रॉपरच्या बाटलीत मिळते. त्यात ९८–९९ टक्के भाग वाहक तेलाचा, म्हणजे एका किंवा अनेक वनस्पती तेलांचा असतो आणि उरलेला एक-दोन टक्के भाग सुगंधी तेलाचा. डोक्याला चोपडायच्या तेलापेक्षा ते निराळे निवडावे लागते, कारण ते चेहऱ्यावर, नाकाच्या अगदी खाली, दिवसभर राहणार असते.

तेलाने दाढी उगवत नाही. बाटलीवरचे चित्र नेमके उलटे सुचवत असते, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे. दाढीचे राठ केस येतात ते टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे. त्याला कोणती केशमुळे किती दाद देणार हे आनुवंशिक असते. आधी मिशी, मग हनुवटी आणि कल्ले, शेवटी गाल असा साधारण क्रम आहे. गाल भरायला पुष्कळांना पंचविशी, कधी तिशी उजाडते. त्यामुळे विशीतल्या मुलाची विरळ दाढी हा बहुतेक वेळा आजार नसतो, तिला अजून वेळ असतो, इतकेच. केस दिवसाला ०.३ ते ०.४ मिमी. वाढतो. श्रावणात दाढी न करण्याचा रिवाज पाळणाऱ्याच्या गालावर महिनाअखेर साधारण एक सेंटिमीटर केस दिसतात, आणि ते कोणत्याही तेलाने दीड सेंटिमीटर होत नाहीत. वारंवार वस्तरा फिरवल्याने दाढी दाट येते हाही असाच समज. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच मोजमाप करून तो खोटा ठरवला होता. वस्तऱ्याने केसाचे निमुळते टोक जाते आणि बोथट बुंधा वर येतो, म्हणून तो जाड भासतो.

मग तेल करते काय? उगवलेला केस तुटू देत नाही. दाढीचा केस डोक्याच्या केसापेक्षा जाड, काहीसा चपटा किंवा कोनदार आणि वळणदार असतो. कोरडा पडला की तो वळणावरच तुटतो, टोकाला दुभंगतो. महिनाभर वाढूनही ‘लांबीच धरत नाही’ अशी जी तक्रार असते, तिच्यामागे पुष्कळदा ही तूट असते. दुचाकीवाल्यांच्या हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा घासतो तिथले केस बोटाने चाचपून पाहावेत. बाकीच्या दाढीपेक्षा ते खरखरीत आणि आखूड लागतात. दुसरे काम कातडीचे. त्वचेतल्या ग्रंथी जे तेल स्रवतात त्याचे प्रमाण दाढी वाढली म्हणून वाढत नाही. तेवढेच तेल आता केसांच्या कितीतरी मोठ्या पृष्ठभागावर पसरायचे असते, ते टोकापर्यंत पोहोचत नाही, आणि रोजच्या साबणाने उरलेसुरलेही निघून जाते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली खाज यातूनच येते, शिवाय वस्तऱ्याने कापलेली धारदार टोके कातडीला टोचत असतात. दाढी राखायचे ठरवून पंधराव्या दिवशी न्हाव्याकडे जाणाऱ्यांपैकी बरेच जण या खाजेपुढे हरलेले असतात.

निवड

तेल निवडताना आधी कातडी पाहावी, मग हवामान, आणि वास सगळ्यात शेवटी. दुकानात बरोबर याच्या उलट होते, कारण तिथे पहिल्यांदा झाकण उघडून हुंगले जाते.

जोजोबा हे बहुतेकांना मानवणारे तेल. रसायनशास्त्राच्या भाषेत ते तेल नसून पातळ मेण आहे. त्वचेच्या स्वतःच्या तेलात सुमारे पाव भाग अशाच मेणासारख्या घटकांचा असतो, त्यामुळे ते चिकट न वाटता मुरल्यासारखे होते आणि लवकर खवटही होत नाही. मूळ झाड अमेरिका–मेक्सिकोच्या सोनोरन वाळवंटातले. आपल्याकडे राजस्थानात लागवड झाली आहे. बदाम तेल मध्यम वजनाचे, स्वस्त आणि कोरड्या कातडीला चांगले, पण ज्यांना सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे त्यांनी दूर राहावे. द्राक्षाच्या बियांचे तेल हलके असते, तेलकट चेहऱ्याला चालते. दोष एवढाच की ते लवकर बिघडते. आर्गन मोरोक्कोहून येते आणि महाग पडते. ते उत्तमच आहे, पण बदाम तेलापेक्षा पाचपट चांगले नाही.

खोबरेलाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मराठी घरात दाढीला पहिल्यांदा तेच लागते. त्यातले लॉरिक आम्ल, जवळजवळ निम्मा भाग, केसाच्या आत शिरू शकते. केसातील प्रथिनांची झीज खोबरेलाने कमी होते हे भारतीय संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. केसासाठी ते पहिल्या प्रतीचे, कातडीसाठी मात्र सगळ्यांना नाही. गालावर मुरमे किंवा पुरळ येणाऱ्यांची छिद्रे ते बुजवते. शिवाय ते सुमारे २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे नाशिक-पुण्याच्या जानेवारीत ड्रॉपरमधून उतरत नाही. ज्यांची दाढी लांब आणि कातडी साफ आहे त्यांनी ते आंघोळीआधी अर्धा तास नुसते केसांना लावून धुऊन टाकावे. हा जुना, फुकटातला आणि चांगला उपाय आहे.

एरंडेलाने केस वाढतात ही समजूत चिवट आहे. त्यात ८५–९० टक्के रिसिनोलिक आम्ल असते, त्यामुळे ते मधासारखे दाट आणि चिकट. केसावर थर बसतो, केस जाड आणि चमकदार दिसतो. ‘वाढ’ ती एवढीच. मिश्रणात १० टक्क्यांपर्यंत असले तर दाढी बसवायला मदत होते. नुसते लावू नये. डोक्याच्या लांब केसांना एरंडेल-खोबरेल लावून धुतल्यावर केसांचा न सुटणारा घट्ट गठ्ठा झाल्याचे आणि ते कापावे लागल्याचे प्रकरण २०१७ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले आहे.

कोंडा असलेल्या दाढीला तेल लावणे ही सगळ्यात जास्त होणारी चूक. नाकाच्या कडांना, भुवयांत आणि दाढीत पिवळसर, तेलकट पापुद्रे आणि लाली असेल तर तो कोरडेपणा नसतो. मॅलासेझिया नावाचे यीस्ट तिथे वाढलेले असते आणि ऑलिव्ह, बदाम, खोबरेल यांतली बरीच मेदाम्ले हेच त्याचे अन्न. माणूस ‘कातडी कोरडी आहे’ म्हणून तेल वाढवतो आणि कोंडाही वाढत जातो. अशा वेळी तेल थांबवून कीटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा २ टक्के शाम्पू आठवड्यातून दोनदा दाढीत तीन ते पाच मिनिटे ठेवून धुवावा. तीन-चार आठवड्यांत फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. बरे झाल्यावर तेल हवेच असेल तर स्क्वालेन किंवा कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइडचे निवडावे. या यीस्टला त्यांवर वाढता येत नाही.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत हलके तेल आणि कमी थेंब पुरतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात किंवा घाटावरच्या थंडीत थोडे वजनदार चालते. बोअरच्या पाण्याचे गाव असेल तर अडचण तेलाची नसतेच. क्षारांशी साबणाचा संयोग होऊन पांढरट साका केसावर बसतो, दाढी काथ्यासारखी लागते आणि वरून तेल लावले की आणखी चिकटते. तिथे साबणवडीऐवजी फेसवॉश किंवा शाम्पू वापरावा आणि शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्यावा.

वेष्टन वाचणे

घटकांच्या यादीत एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या प्रमाणात लिहायचे असतात. एक टक्क्याखालचे कोणत्याही क्रमाने चालतात. सुगंध बहुधा एक टक्क्याच्या आसपास असतो. म्हणून बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘आर्गन’ असेल आणि यादीत ते ‘परफ्यूम’नंतर येत असेल, तर आर्गन नावापुरतेच आहे असे समजावे. यादीची सुरुवात ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ किंवा ‘मिनरल ऑइल’ने होत असेल तर ते खनिज तेल आहे. ते घातक नाही, ॲलर्जीही क्वचित करते, पण स्वस्त असते. बदामाच्या भावाने ते घेण्याचे कारण नाही. ‘आयसोप्रोपाइल मायरिस्टेट’ तेलाला हलका स्पर्श देते, मुरमे असणाऱ्यांनी ते टाळावे.

औषधे नियम, १९४५ च्या ‘जे’ परिशिष्टात जे विकार टाळण्याचा वा बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही अशांची यादी आहे. तीत टक्कल आहे आणि ‘केसांचा रंग बदलणे व नवे केस उगवणे’ हेही आहे. वेष्टनांवर ‘वाढीस पोषक’, ‘दाट लुक’ असे मोघम शब्द दिसतात, ते वाचताना हे लक्षात असावे. कांद्याच्या तेलाचे नाव ज्यावरून होते, तो २००२ चा प्रयोग इराकी डॉक्टरांनी चाईच्या, म्हणजे गोल चट्ट्यांनी केस जाण्याच्या, रुग्णांवर केला होता. त्यात वापरला तो कांद्याचा ताजा रस, तेल नव्हे. रोझमेरी या सुगंधी वनस्पतीच्या तेलाचा २०१५ चा प्रयोगही डोक्याच्या टकलावरचा आहे, दाढीवरचा नाही.

दाढीवर खरोखर तपासले गेलेले औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. थायलंडमध्ये ४८ पुरुषांवर १६ आठवडे ३ टक्क्यांचे द्रावण वापरून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साध्या द्रावणापेक्षा दाढी दाट झाली. पण ते तेल नव्हे, औषध आहे. कातडी सोलणे, खाज, नको तिथे लव येणे, कधी धडधड होते, आणि मांजराला ते विषारी ठरते. डॉक्टरांना विचारूनच वापरावे. दाढीत नाण्याएवढा गुळगुळीत गोल चट्टा पडला तर ती बहुधा चाई असते. तिथे तेल चोळत महिने घालवू नयेत. खाजणारी, कडा उठलेली चकती असेल तर नायटा असू शकतो आणि औषधदुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने तो चिघळतो.

सुगंधी तेले

चेहऱ्यासाठी सुगंधी तेल अर्धा ते एक टक्का पुरे. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर ३० मिलि.मध्ये एक टक्का म्हणजे ६ थेंब. नवख्याने ३ थेंबांवरच थांबावे. लवंग आणि दालचिनीची तेले कातडी भाजतात. लिंबू आणि बर्गमॉट (लिंबाच्याच जातीचे फळ) यांच्या सालींतून दाबून काढलेल्या तेलांत असे घटक असतात की ती लावून उन्हात गेल्यास काळपट डाग पडतात. टी-ट्रीचे तेल जुने झाले, हवेने बिघडले की ॲलर्जी करू लागते, आणि ते थेट गालावर लावण्याचा सल्ला देणाऱ्यांची कमी नाही. ‘नैसर्गिक’ या शब्दाने यातले काहीच टळत नाही. नवे तेल कोपराच्या खळगीत सकाळ-संध्याकाळ थेंबभर लावून ४८ तास पाहावे. त्यातून पास झालेले तेलही काही आठवड्यांनी खाजू लागू शकते. तसे झाले तर ‘इतके दिवस चालले’ म्हणून चालू ठेवू नये.

लावण्याची रीत

आंघोळीनंतर दाढी टॉवेलने चोळू नये, दाबून टिपावी. किंचित ओल असतानाच तेल लावावे, म्हणजे ते पातळ पसरते आणि ओल धरून ठेवते. आठवडाभराच्या खुंटांना २–३ थेंब, दोन-तीन सेंटिमीटरच्या दाढीला ४–५, मुठीत येणाऱ्या दाढीला ८–१०. तळहातांवर चोळून आधी बोटांची टोके केसांतून कातडीपर्यंत न्यावीत, जबड्याची कड आणि हनुवटीखालचा भाग विसरू नये. मग हातावर उरलेले केसांवरून वरून खाली आणि शेवटचा अंश मिशीला. नंतर रुंद दातांच्या लाकडी फणीने विंचरावे. बहुतेक जण वरवर हात फिरवतात. दाढी चकाकते आणि आतली कातडी कोरडीच राहते. दहा मिनिटांनी गालावर कागदी रुमाल दाबावा. तेलाचा डाग उमटला तर उद्या एक थेंब कमी. दिवसभर धुळीत फिरणाऱ्याने रात्री लावून सकाळी धुतलेले बरे, नाहीतर तेलाला धूळ चिकटून संध्याकाळपर्यंत गाळ होतो.

रोज ५ थेंब या हिशेबाने ३० मिलि.ची बाटली चार महिने पुरते. म्हणून १०० मिलि.ची ‘फायद्याची’ बाटली घेऊ नये. ती संपायला वर्ष लागते आणि उघडलेले तेल त्याआधीच उतरू लागते.

घरी करायचे तर ३० मिलि.साठी १५ मिलि. जोजोबा, १२ मिलि. बदाम, ३ मिलि. एरंडेल घ्यावे. तिन्ही तेले प्रसाधनासाठी म्हणून विकली जाणारी, शुद्ध असावीत. गरम पाण्याने धुतलेली गडद बाटली रात्रभर उपडी ठेवून पूर्ण वाळवावी, पाण्याचा थेंबही राहता कामा नये. आधी एरंडेल, मग बाकीची तेले, शेवटी सुगंधी थेंब घालून बाटली हलक्या हाताने फिरवावी. झाकणावर तारीख लिहावी. न्हाणीघरातल्या वाफेत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये, कपाटात ठेवावी. जुन्या शेंगदाण्यांसारखा खवट वास आला की ते तेल दाढीला नको. कात्रीच्या किंवा दाराच्या बिजागरीला चालते.