उजेड हाताला, अंधार कापडाला

संग्रहालयात जुनी गोधडी किंवा भरतकामाचा नमुना मांडलेला असतो, तिथला प्रकाश सहसा 50 लक्सच्या आसपास ठेवतात. (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचं एकक.) याउलट, कारखान्यातल्या शिवणकामाच्या टेबलावर किमान 750 लक्स उजेड हवा असं युरोपीय मानक सांगतं. जे काम करताना भरपूर उजेड लागतो, तेच काम टिकवायचं तर उजेड आवरावा लागतो. घरात शिवणकोपरा लावायचा विषय निघाला की चर्चा डब्यांपासून, खणांपासून आणि लेबलांपासून सुरू होते. माझ्या मते ती उजेडापासून सुरू व्हायला हवी. कोपऱ्यातली उजेडाची जागा आणि अंधाराची जागा एकदा नक्की झाली, की टेबल कुठे आणि कपाट कुठे हा प्रश्न बराचसा सुटलेला असतो.

आधी उजेडाची जागा. दिवा छताला असला तर तो हातापासून लांब असतो, आणि लहान दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातो. तोच दिवा 80 सेंटिमीटरवरून 40 सेंटिमीटरवर आणला तर कापडावर चौपट उजेड पडतो. म्हणून छताला आणखी एक ट्यूब लावण्यापेक्षा वाकवता येणारा टेबललॅम्प कितीतरी जास्त कामाचा. उजव्या हाताने शिवणाऱ्यांनी तो डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली नेमकी टाक्यावर पडत नाही. वयाचाही विचार हवा. वाढत्या वयात डोळ्याची बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही आणि भिंग पिवळसर होत जातं. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. सुईच्या नेढ्यात दोरा जात नाही म्हणून भरतकाम सोडून दिलेली माणसं पाहिली की मला वाईट वाटतं, कारण त्यातल्या अनेकांचा हात उत्तम चालत असतो. त्यांना फक्त जवळ आणलेला एक चांगला दिवा हवा असतो.

दिवा घेताना खोक्यावरचा सीआरआयचा आकडा पाहावा. त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे तो आकडा सांगतो, आणि रंग जुळवण्यासाठी तो 90 च्या वर असलेला बरा. दोन धाग्यांतले रंगद्रव्य वेगवेगळे असले तरी एखाद्या दिव्याखाली ते अगदी एकसारखे दिसू शकतात. खिडकीपाशी नेले की फरक लगेच उघडा पडतो. म्हणून क्विल्टचे, म्हणजे वर तुकडे जोडलेलं कापड, मध्ये उबेचा थर आणि खाली अस्तर अशा तीन थरांच्या गोधडीचे, तुकडे दिवसाच्या उजेडात एकदा आणि ज्या खोलीत ते वापरले जाणार तिथल्या दिव्याखाली एकदा, असे दोनदा पाहावेत.

आता अंधाराची जागा. रंग उडणं हे साठत जाणारं नुकसान आहे. थोडा प्रकाश बराच वेळ आणि खूप प्रकाश थोडाच वेळ, यांचा हिशेब जवळजवळ सारखाच येतो. थेट उन्हात एक लाख लक्सपर्यंत प्रकाश असतो. म्हणजे उन्हातला एक तास हा 50 लक्सच्या दालनातल्या 2000 तासांइतका झाला, आणि उन्हातल्या अतिनील किरणांचा मारा त्यात धरलेलाच नाही. रंगांच्या क्रमाने लावलेली कापडं उघड्या फळीवर फार सुरेख दिसतात हे मला मान्य आहे, पण ती फळी खिडकीसमोर असेल तर काही महिन्यांत घडीच्या कडेवर फिकट पट्टा उमटतो. कापडाचा साठा दाराच्या कपाटात ठेवावा. फळीच हवी असेल तर निदान पडदा लावावा.

कपाटात ठेवताना कापूस पाणी शोषतो हे विसरू नये. 20 अंश सेल्सियस आणि 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत 1 किलो कोरडा कापूस साधारण 85 ग्रॅम पाणी धरून ठेवतो, आणि हवा याहून दमट झाली की बुरशीला वाट मिळते. पूर्ण न वाळलेलं कापड प्लॅस्टिकच्या बंद डब्यात घालणं हा बुरशीला जागा करून देण्याचा प्रकार आहे. खळ घातलेलं कापडही साठवू नये, कारण कसरीसारख्या किड्यांना स्टार्च आवडतो. कापड कापण्याच्या आदल्या दिवशी खळ घालावी. कच्च्या लाकडातून आणि साध्या पुठ्ठ्यातून आम्ल सुटतं आणि कापड पिवळं पडतं, म्हणून मध्ये धुतलेल्या सुती कापडाचा एक थर असावा. घड्या अधूनमधून बदलाव्यात, नाहीतर तंतू एकाच रेषेवर वाकून वाकून तुटतात. आणि टाचण्या किंवा सुई कापडात तशीच टोचून ठेवू नये. गंजाचा डाग साबणाने जात नाही.

क्रॉस स्टिचच्या, म्हणजे फुलीच्या टाक्यांनी केलेल्या भरतकामाच्या, धाग्यांची शिस्त वेगळी असते. लडी उघडली की गुंता ठरलेला, असं सगळे म्हणतात, आणि या गुंत्यावर खरोखर संशोधन झालेलं आहे. 2007 साली डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोघांनी सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एका पेटीत दोरी टाकून पेटी गोलगोल फिरवली. वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्या घेऊन त्यांनी हे 3415 वेळा केलं. दोरी साधारण 46 सेंटिमीटरपेक्षा आखूड असेल तर गाठ जवळपास पडतच नव्हती. तिथून पुढे दीड मीटरपर्यंत गाठीची शक्यता झपाट्याने वाढत गेली आणि मग निम्म्याच्या आसपास स्थिरावली. त्यांची दोरी भरतकामाच्या धाग्याहून जाड होती आणि त्यांची पेटी म्हणजे काही आपली सुई नव्हे, पण भरतकाम करणारे पिढ्यानपिढ्या हातभर, म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटरच, धागा कापत आले आहेत हे लक्षात घेण्यासारखं आहे. त्यामागे आणखी एक कारण आहे. दर टाक्याला धागा छिद्राच्या कडेवर घासतो, आणि लांब धाग्याचा नेढ्याकडचा भाग शेवटापर्यंत पोचेतो झिजून पिंजलेला असतो. साठवतानाही मोकळी टोकं कमी असतील तेवढं चांगलं. लडी पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या चपट्या रिळावर गुंडाळून टोक खाचेत अडकवायचं आणि रिळावर रंगाचा क्रमांक लिहून ठेवायचा. एवढं केलं की संध्याकाळची मोकळी अर्धी घटका गुंता सोडवण्यात जात नाही.

या धाग्याला जी चमक असते तिची गोष्ट मला फार आवडते. जॉन मर्सर या इंग्रज रंगतज्ज्ञाने 1844 च्या सुमारास कॉस्टिक सोडा सुती कापडातून गाळला आणि कापड आटून घट्ट व बळकट झालेलं पाहिलं. कापसाचा तंतू मुळात चपटा आणि पीळ पडलेला असतो. तीव्र अल्कलीत तो फुगून गोलसर होतो. पुढे 1890 साली होरेस लो याने हीच क्रिया धागा ताणून धरून केली आणि रेशमासारखी चमक आली, कारण गोल आणि सरळ तंतूवरून प्रकाश एका दिशेने परावर्तित होतो. फुलीचा वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला हवा, असं शिकवणारे बजावून सांगतात ते याचसाठी. दिशा बदलली की प्रकाश वेगळीकडे जातो, आणि रंग तोच असूनही मधल्याच काही फुल्या डागासारख्या दिसू लागतात.

क्रॉस स्टिचसाठी चौकोनी घरांच्या विणीचं आयडा कापड वापरतात. 14 काउंटच्या आयडा कापडावर एका इंचात 14 घरं बसतात, म्हणजे एक घर सुमारे 1.8 मिलिमीटरचं. निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातला बारकावा वेगळा ओळखू शकतो. गणित केलं तर हे घर सुमारे 6 मीटरवर त्या मर्यादेला पोचतं. त्यापलीकडे फुल्या वेगळ्या दिसणं थांबतं आणि रंग एकमेकांत मिसळू लागतात. रंगांतला फरक ओळखण्यात डोळा त्याहून कमी पडतो, त्यामुळे जवळच्या छटा आणखी अलीकडेच मिसळतात. हातात धरल्यावर जो चेहरा चौकोनांचा ढीग वाटतो तोच खोलीच्या दुसऱ्या टोकावरून नीट दिसतो, तो यामुळे. म्हणून शिवणकोपऱ्यासमोर थोडी मोकळी जागा असावी, आणि दर काही ओळींनंतर उठून काम लांबून पाहावं. डोळ्यांचे स्नायूही तेवढ्यात सैल होतात.

लांबून पाहण्याचं महत्त्व मिशेल-युजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. तो पॅरिसच्या गोबेलिन या चित्रमय भित्तिवस्त्रं विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो अशी तिथल्या विणकरांची तक्रार होती. शेव्रलने तपासलं तर रंगात काहीच खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी बसल्यामुळे तो काळा फिका भासत होता. शेजारचे रंग एकमेकांना बदलून दाखवतात हा नियम त्याने 1839 साली सविस्तर मांडला. क्विल्टचा नमुना फसतो तेव्हा कारण बहुधा हेच असतं. दुकानात सुंदर दिसलेलं कापड शेजाऱ्यांमध्ये हरवून जातं. यावर उपाय असा की भिंतीवर फलालीनचा मोठा तुकडा ताणून लावायचा. त्याच्या लवेला सुती तुकडे टाचणीशिवाय चिकटतात. मांडणी झाली की मोबाइलवर तिचा कृष्णधवल फोटो काढायचा. रंग गेले की गडद-फिक्याचं नातं तेवढं उरतं, आणि नमुना उठतो की नाही हे त्याच नात्यावर ठरतं.

यंत्राच्या टेबलाबद्दल सांगायचं ते मुख्यतः वजनाचं आहे. मोठा क्विल्ट टेबलाच्या कडेवरून लोंबत असेल तर त्याचं वजन कापडाला मागे ओढतं. खालचे दाते कापड पुढे सरकवत असतात, वरून हे ओझं त्यांना विरोध करतं, आणि टाके लहान-मोठे पडतात. सुई किंचित वाकते. वाकलेली सुई टाका सोडते. टाका पडतो तो असा: सुई सर्वात खाली जाऊन दोनएक मिलिमीटर वर येते, तेव्हा तिच्या मागच्या खोलगट बाजूला दोऱ्याचा लहानसा फास फुगतो, आणि फिरता हूक तोच फास पकडून बॉबिनभोवती, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाभोवती, नेतो. या फासाची आणि हुकाची गाठ केसभराच्या फरकानेही हुकू शकते. म्हणून यंत्राच्या डावीकडे आणि मागे पुरेसा आधार हवा, लागलं तर एखादं जास्तीचं टेबल ओढून घ्यावं. सुईही स्वस्त मानून वेळेवर बदलावी. सुईवरचा 80 हा आकडा म्हणजे तिची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. तुकडे जोडायला 75 किंवा 80, आणि तिन्ही थरांतून टीप मारायला 90 बरी पडते.

तुकडे कापताना कापडाच्या धाग्यांची दिशा पाहावी. उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या दिशेने कापड फारसं ताणलं जात नाही, कारण तिथे धागाच ओढ घेतो. उरेब, म्हणजे 45 अंशात ओढलं, तर धागे न ताणता नुसते एकमेकांवर फिरतात आणि विणीतला प्रत्येक चौकोन पतंगासारखा लांबट होतो. त्रिकोणी तुकड्यांची उरेब कडा ब्लॉकच्या, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या चौकोनाच्या, बाहेरच्या बाजूला आली तर तो ब्लॉक हमखास लाटेसारखा वाकडा होतो. इस्त्रीही याच कारणासाठी घासत नेऊ नये. उचलावी, दाबावी, पुन्हा उचलावी.

शिवणीची रुंदी पाव इंच, म्हणजे 6.35 मिलिमीटर. तीत 1 मिलिमीटरची चूक किरकोळ वाटते, पण दोन्ही तुकडे तेवढे कमी होत असल्याने दर शिवणीला 2 मिलिमीटर जातात. वीस तुकड्यांच्या ओळीत 19 शिवणी असतात, म्हणजे ओळ 38 मिलिमीटरने आखूड. शेजारची ओळ बरोबर असेल तर दोघी जुळणार कशा? शिवाय कापड उलगडून दाबलं की घडीची जाडीही थोडी रुंदी खाते, म्हणून जाणते शिवणारे टीप पाव इंचाच्या एखाद-दोन धागे आतच मारतात.

क्विल्टची ऊब मधल्या थरातल्या हवेची असते. स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे 0.026 वॅट प्रति मीटर-केल्विन, पाण्याची 0.6 च्या आसपास. म्हणूनच किंचित दमट क्विल्टही लगेच गार लागतो. कापसाचे किंवा पॉलिएस्टरचे तंतू हवेला इतक्या बारीक कप्प्यांत अडवतात की तिला फिरायला वाव राहत नाही. टिपेच्या रेषेवर मात्र थर चेपले जातात, हवा निघून जाते आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळते. टिपा दाट घातल्या तर थर एकमेकांवरून सरकू शकत नाहीत आणि क्विल्ट पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. फार विरळ घातल्या तर धुण्यात मधला थर सरकून गोळे होतात. दोन टिपांमध्ये किती अंतर चालेल हे मधल्या थराच्या वेष्टनावर छापलेलं असतं, आणि अंगावर घ्यायच्या क्विल्टसाठी मी त्या मर्यादेच्या जवळच राहणं पसंत करते. सुती मधला थर पहिल्या धुण्यात काही टक्के आटतो, आणि आधीच धुतलेलं वरचं कापड टिपांच्या मध्ये बारीक चुण्यांनी फुगतं. जुन्या क्विल्टसारखं हे रूप हवं असेल तर मधला थर तसाच वापरावा. सपाट पृष्ठभाग हवा असेल तर वेष्टनावर परवानगी आहे का ते पाहून तो आधी भिजवून, न पिळता, सपाट वाळवून घ्यावा.