गाउस यांचा मेंदू कोणता आणि फुक्स यांचा कोणता?

जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाच्या संग्रहात अल्कोहोलमध्ये जतन केलेले दोन मेंदू आहेत: एक गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस यांचा आणि दुसरा तेथीलच वैद्यकाचे प्राध्यापक कोनराड हाइनरिश फुक्स यांचा. दोघांचेही निधन १८५५ साली झाले आणि दोन्ही मेंदू अभ्यासले ते शरीररचनाशास्त्रज्ञ रुडॉल्फ वाग्नर यांनी. पुढे कधीतरी बरण्यांची अदलाबदल झाली आणि दीडशे वर्षे ती कोणाच्या लक्षातही आली नाही.

वजनावरून निवाडा करू पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. वाग्नर यांच्या नोंदींनुसार गाउस यांचा मेंदू १४९२ ग्रॅमचा, तर फुक्स यांचा १४९९ ग्रॅमचा होता. सात ग्रॅमच्या या फरकालाही आज अर्थ नाही, कारण अल्कोहोल ऊतींतले पाणी ओढून घेते आणि मेंदू आक्रसून हलका होतो. (थोर बुद्धी म्हणजे जड मेंदू, ही त्या काळची लाडकी समजूतही या दोन आकड्यांपुढे अवघडून जाते.)

खरा फरक पृष्ठभागावरच्या एका खाचेत आहे. मेंदूच्या प्रत्येक अर्धगोलावर माथ्याजवळून निघून कानाच्या दिशेने खाली उतरणारी मध्यवर्ती खाच असते. तिच्या पुढची वळी हालचालींचे नियंत्रण करते, तर मागच्या वळीकडे स्पर्शाच्या संवेदना पोहोचतात. बहुतेकांत ही खाच वरपासून खालपर्यंत सलग दिसते. तिच्या तळाशी दोन्ही वळ्यांना जोडणारा एक छोटा उंचवटा असतो, पण तो खोल दडलेला असल्यामुळे बाहेरून कळत नाही. शंभरात एखाद्याही माणसात क्वचितच असे घडते, की हा उंचवटा थेट पृष्ठभागापर्यंत चढतो आणि खाचेचे दोन तुकडे करतो, जणू नाल्यावर मधोमध साकव बांधावा. फुक्स यांच्या मेंदूत असा साकव आहे. गाउस यांच्या मेंदूत नाही.

याच भागावर संशोधन करणाऱ्या रेनाटे श्वाइत्सर यांना ‘गाउस यांचा मेंदू’ म्हणून काढलेल्या एमआरआय प्रतिमांत दुभंगलेली खाच दिसली. त्यांनी वाग्नर यांनी १८६० च्या सुमारास छापलेली चित्रे काढून पाहिली, तेव्हा गाउस यांच्या चित्रात खाच सलग होती आणि दुभंगलेली खाच होती फुक्स यांच्या चित्रात. २०१३ मध्ये ही अदलाबदल जाहीर झाली. माझ्या मते यातले श्रेय यंत्राइतकेच वाग्नर यांच्या चित्रकारालाही द्यायला हवे, कारण एक वळण जरी त्याने अंदाजाने काढले असते तरी पडताळा घ्यायला काहीच उरले नसते.

वाग्नर यांचे वर्णन खऱ्या गाउस यांच्या मेंदूचेच असल्याने ते आजही ग्राह्य आहे. चुकल्या त्या विसाव्या शतकाच्या अखेरीस घेतलेल्या एमआरआय प्रतिमा; त्या फुक्स यांच्या निघाल्या आणि गाउस यांचा मेंदू फुक्स यांच्या नावाच्या बरणीत सापडला.