ताळा फक्त गणितातच का?

३० मे २०२४ ला नागपुरातल्या झाडून साऱ्या मोबाइलांवर एकच आकडा फिरत होता : ५६. शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं होतं. घरात कूलर घरघरत होता, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि आम्ही सगळ्यांनी तो आकडा लगेच खरा मानला. सुट्टीला आलेली माझी भाची तेव्हा नुकतीच सातवी संपवून बसलेली. तिनं बातमी दोनदा वाचली आणि विचारलं, "मावशी, ती मशीन उन्हात ठेवली होती का गं?"

मी शाळेत विज्ञान शिकवते, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

हवेचं तापमान मोजायचं असतं, उन्हाचं नव्हे. म्हणून तापमापी सावलीत ठेवतात, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, वारा खेळता राहील अशी. हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. मग आम्ही दोघी कामाला लागलो. नागपूरचा आजवरचा उच्चांक शोधला : ४७.९, मे २०१३. देशाचा : राजस्थानातल्या फलोदीचा ५१, मे २०१६. जगाचा : अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा ५६.७, तोही १९१३ सालचा. म्हणजे बातमी खरी असेल तर आपलं गाव जागतिक विक्रमापासून एक अंशही दूर नव्हतं. त्याच दिवशी दुसऱ्या काही केंद्रांवर पारा ४४ च्या आसपास होता. सपाट जमिनीवरच्या एका शहरात, काही किलोमीटरच्या अंतरात बारा अंशांचा फरक पडेलच कसा? पुढे हवामान खात्यानं तपासणी केली आणि सेन्सर बिघडल्याचं जाहीर केलं.

भाचीनं जे केलं त्याला मराठीत फार सुंदर शब्द आहे : ताळा. भागाकार झाला की भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, भाज्याशी जुळतं का ते पाहायचं. प्राथमिक शाळेत सगळ्यांनी हे केलेलं असतं. नंतर मात्र हा शब्द गणिताच्या वहीतच राहतो. इतिहासाच्या, भूगोलाच्या, मराठीच्या तासाला तो कुणी उच्चारत नाही.

गणितात तरी तो नीट पोचतो का? अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय चाचणीत विचारलं होतं : ११२८ सैनिक न्यायचे आहेत, एका बसमध्ये ३६ मावतात, तर बस किती लागतील? साधारण ७० टक्के मुलांनी भागाकार अचूक केला. पण ३२ हे उत्तर चौथा हिस्सा मुलांनीही दिलं नाही. बरीच मुलं '३१ बस आणि बाकी १२' असं लिहून मोकळी झाली. मी हेच उदाहरण आमच्या सहावीत शाळेच्या सहलीचं करून दिलं. एकानं उत्तर दिलं, "एकतीस, बाकी बारा." मी म्हटलं, "बाकी बारा म्हणजे कोण रे?" तो वहीकडे बघत राहिला, मग एकदम मान वर करून म्हणाला, "अरे बाप्पा, बारा पोरं तर शाळेतच राहिली ना जी!" त्याचा भागाकार आधीही बरोबरच होता. आता त्याला त्या बाकीत पोरं दिसली, एवढाच फरक.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये चिकित्सक विचार आणि समस्या निराकरण हे शब्द आले, आणि अनेक ठिकाणी त्यासाठी वेगळा तास सुरू झाला, कोड्यांची वेगळी पुस्तकंही आली. कोडी मलाही आवडतात. पण त्यामागची समजूत, की एकदा डोकं चालवायला शिकवलं की ते कुठंही चालेल, संशोधनात टिकलेली नाही. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्येच दाखवलं की एका कामातला सराव दुसऱ्या कामात आपोआप उतरत नाही. दोन कामांत जेवढं सारखं असेल तेवढाच तो उतरतो.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण १९८० च्या एका प्रयोगात आहे. तो गिक आणि होलियोक या दोघा मानसशास्त्रज्ञांचा. समजा, एका किल्ल्यावर हल्ला करायचा आहे. वाटा अनेक, पण प्रत्येक वाटेत सुरुंग पेरलेले. मोठी फौज गेली की ते फुटतात, थोडी माणसं गेली तर फुटत नाहीत. सेनापती फौजेच्या लहान तुकड्या करतो आणि सगळ्या वाटांनी एकाच वेळी किल्ल्यावर पोचवतो. ही गोष्ट वाचून झाल्यावर दुसरा प्रश्न : रुग्णाच्या पोटात गाठ आहे. किरणांनी ती जळते, पण तेवढे तीव्र किरण वाटेतल्या निरोगी पेशीही जाळतात. काय करावं?

उत्तर तेच : अनेक दिशांनी सौम्य किरण सोडायचे, ते गाठीवर एकत्र येतील. किल्ल्याची गोष्ट न वाचता हे दहातल्या एखाद्यालाच सुचतं. गोष्ट वाचूनही आपसूक जोड लावणारे दहात तीनच्या आसपास निघाले. 'आधीची गोष्ट इथं उपयोगी पडेल' एवढं सांगितल्याबरोबर मात्र बहुतेकांना उत्तर सापडलं. गोष्ट डोक्यात होतीच. तिला हाक मारायला कुणी नव्हतं.

एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे नेणारा हा पूल आपल्याकडेही तुटलेलाच आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर'मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या मुलांकडून त्यांनी मुद्दाम अडनिडी मापं घेतली. वीस रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे, पंधरा रुपये किलोचे एक किलो ४०० ग्रॅम कांदे, वर दोनशेची नोट. मुलं सदतीस रुपये तोंडीच सांगत आणि १६३ परत देत. हीच मुलं शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या साध्या भागाकारात अडखळली. आणि शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं नेमकी उलट : कागदावरचं गणित जमलं, बाजारातल्या हिशेबाला अडली. नागपूरच्या बर्डीच्या बाजारात संत्र्यांचा ठेला लावणाऱ्या पोराच्या हिशेबाचं मला नेहमी अप्रूप वाटतं. तो आपल्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेला असू शकतो, या विचारानं मात्र जीव कळवळतो.

इथं एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. 'पाठांतर बंद करा, विचार शिकवा' असं म्हणणारे अर्धंच बरोबर आहेत. तापमापी सावलीत असते हे माहीतच नसतं तर भाचीला शंका आली नसती. बुद्धिबळातले उस्ताद खऱ्या डावातल्या सोंगट्यांच्या जागा एका नजरेत लक्षात ठेवतात. त्याच सोंगट्या पटावर कशाही विखुरल्या तर त्यांची आठवण नवख्याच्या जवळपास येते, हे १९७३ मध्ये चेस आणि सायमन यांनी दाखवलं. विचाराला माहितीचा दाणागोटा लागतोच. म्हणून चिकित्सक विचार शिकवायची जागा विषयांच्या आत आहे, आणि प्रत्येक विषयाच्या शिक्षकाची ती जबाबदारी आहे.

मग डोक्यात असलेल्या माहितीला ती हाक कशी मारायची? आमच्या शाळेत आम्ही तिघी-चौघींनी एवढंच ठरवलं की प्रत्येक तासाला तोच एक शब्द वापरायचा. विज्ञानात मी विचारते, याचा ताळा कसा घ्याल? इतिहासाच्या बाई १८१७ ची सीताबर्डीची लढाई शिकवताना विचारतात : हे कुणी लिहिलं, जिंकलेल्या कंपनी सरकारच्या माणसानं की भोसल्यांच्या बाजूच्या कुणी? कधी लिहिलं? दुसऱ्या कागदाशी जुळतं का? मराठीच्या बाई अग्रलेखातलं विधान घेऊन त्याचा पुरावा त्याच परिच्छेदात शोधायला लावतात. पद्धत प्रत्येक विषयाची वेगळी, शब्द एकच. सुरुवातीला मुलं हसली, "इतिहासाचा कसला ताळा, बाई?" आता कधी कधी तीच आम्हाला अडवतात. वेळ जातो, पोर्शन मागे पडतो, हे खरं आहे. मी तरीही तो वेळ देते.

गेल्या हिवाळ्यात वर्गात नागपुरातल्या झिरो माइलच्या खांबाचा विषय निघाला. भारताचा मध्य इथंच, हे आपण लहानपणापासून ऐकतो. एका मुलीनं विचारलं, "ताळा कसा घ्यायचा?" आम्ही पुठ्ठ्यावर देशाचा नकाशा चिकटवून कापला. कडेला भोक पाडून टाचणीवर टांगला, टाचणीला दोरा आणि दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला, दोऱ्याखाली रेघ मारली. मग दुसऱ्या भोकातून तसंच. दोन रेघा जिथं छेदल्या तो नकाशाचा गुरुत्वमध्य. टाचणी तिथं टोचली तर नकाशा कुठल्याही बाजूला कलत नाही. आमचा बिंदू नागपूरच्या उत्तरेला, मध्य प्रदेशात आला.

वर्गात गलका झाला. कुणी म्हणालं पुठ्ठा वाकडा कापला, कुणी म्हणालं दोरा हलला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "पण बाई, तो खांब इंग्रजांच्या काळातला ना? तेव्हाचा नकाशा तर वेगळा होता." १९३७ पर्यंत ब्रह्मदेशही त्याच नकाशात होता हे मी सांगितलं, तेव्हा दोघी जणी ग्रंथालयातून जुना अॅटलास आणायला निघाल्या होत्या. तिसरी कात्री हातात घेऊन विचारत होती, अंदमान पुठ्ठ्याला जोडायचं तर कशानं जोडायचं.