ओढलं की रेशीम होतं

माहेश्वरी साडी घेताना इंदूरच्या दुकानात हमखास कानावर येतं: “किड्याची लाळ हवेत वाळते, तेच रेशीम.” यातलं ‘वाळते’ चूक आहे. डिंक वाळला तरी पाण्यात पुन्हा विरघळतो. रेशीम उकळत्या पाण्यातही विरघळत नाही.

तुतीचा पाला खाऊन पिकलेली अळी पिवळसर, काचेसारखी दिसते, खाणं सोडते आणि डोकं उचलून आधार शोधू लागते. तिच्या अंगात दोन लांब वेटोळ्या रेशीमग्रंथी असतात. मागच्या भागात फायब्रॉईन हे प्रथिन बनतं. मधल्या जाड भागात ते साठतं, त्यावर सेरिसिन या चिकट प्रथिनाचं वेष्टन चढतं. पुढच्या बारीक नळ्या खालच्या ओठापाशी एका छिद्रात मिळतात. म्हणून प्रत्येक धाग्यात दोन तंतू जोडीनं असतात.

साठलेल्या रसात प्रथिन साधारण पाव भाग, बाकी बहुतेक पाणी. नळीतून पुढे जाताना आम्लता थोडी वाढते, पाणी कमी होतं, तरी रस द्रवच राहतो. मग अळी धाग्याचं टोक चंद्रिकेच्या (अळ्यांना कोष विणायला दिलेल्या बांबूच्या चौकटीच्या) बांबूला चिकटवते आणि डोकं मागे नेते. रस आतून ढकलला जात नाही, बाहेरून ओढला जातो. या ताणानं फायब्रॉईनच्या साखळ्या एका दिशेत येतात. ग्लायसीन आणि अॅलनीन ही छोटी अमिनो आम्लं त्यांत पुन्हापुन्हा येत असल्यामुळे शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी घट्ट बिलगतात आणि बीटा-पत्रे, म्हणजे साखळ्यांचे सपाट थर, तयार होतात. या पत्र्यांच्या थप्पीत पाण्याला शिरायला जागाच उरत नाही. शाओ आणि व्होलराथ या संशोधकांनी 2002 साली अळीच्या तोंडातून धागा ठरावीक वेगानं ओढून पाहिला. जलद ओढलेला धागा जास्त मजबूत निघाला!

इंग्रजी आठच्या आकारात डोकं फिरवत अळी आधी विरळ जाळी, मग आत टणक कवच, म्हणजे कोष, विणते. दोन-तीन दिवसांत चांगल्या संकरित जातीच्या अळीचा अखंड धागा हजार मीटरच्या वर जातो.

वाळण्याला महत्त्व आहे ते सेरिसिनच्या बाबतीत. कोष सुरू करण्याआधी अळी बरंच मूत्र टाकते. खोली कोंदट असेल तर थर ओलेच एकमेकांना चिकटतात आणि उकलताना धागा सारखा तुटतो. त्यासाठी 24–25 अंश तापमान, 65 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि खेळती हवा लागते. चंद्रिकेवर चौरस फुटाला 40–50 अळ्या पुरे. त्याहून दाटी झाली की दोन अळ्या मिळून एकच कोष करतात, धागे गुंततात. कोष घाईनं काढले तर आतली कोवळी अळी फुटून डाग पडतात. जातीनुसार साधारण पाचव्या ते आठव्या दिवशी काढावेत.

सोवळ्याचं रेशीम ‘अशुद्ध लहरी’ अडवतं, हे म्हणणं निराधार आहे. शिवाय अखंड धाग्यासाठी कोषातला जीव बहुधा वाफेनं किंवा गरम हवेनं मारलेला असतो. रेशीम केस-नखांसारखंच प्रथिन आहे. पारंपरिक माहेश्वरीत ताणा (उभे धागे) रेशमाचा, बाणा (आडवे धागे) सुताचा. दोन्हींचा एकेक दोरा चिमट्यात धरून जाळून पाहा: ताण्याला जळलेल्या केसांचा वास येतो आणि टोकाला चुरडणारी काळी गोळी राहते, बाण्याला कागद जळल्याचा वास येतो.