शैक्षणिक सहल (घरी शिकणारी मुलं, बेळगाव सीमाभाग)

शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांना एखादी जागा किंवा काम प्रत्यक्ष दाखवून तिथल्या तिथे शिकवणं म्हणजे शैक्षणिक सहल. शाळेची सहल वर्षातून एकदा, बस भरून, पाच ठिकाणं उरकत जाते. इथे दोन-तीन घरची मुलं, सोबत आई-बाबा नाहीतर आजोबा, आणि एकाच जागी दोन तास थांबायची मुभा, खरा फायदा हाच आहे.

बेळगावात सुरुवात किल्ल्यातल्या कमल बस्तीपासून करावी. रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली बांधलेलं हे जैन मंदिर. मंडपात मान वर केली की छतातून खाली उमललेलं दगडी कमळ दिसतं, पाकळ्या ७२. लगेच माहिती सांगत बसू नये, मुलांना मोजू द्यावं, एक पाकळी चुकते, परत पहिल्यापासून मोजतात, मग ७२ च का असं मुलंच विचारतात आणि तेव्हा सांगायचं की भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन काळांचे प्रत्येकी २४ तीर्थंकर, म्हणजे चोवीस त्रिक बहात्तर. पाढा, इतिहास आणि शिल्पकला तिन्ही एका छताखाली होतात. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर पण त्याच दिवशी होते. डिसेंबर १९२४ च्या बेळगाव अधिवेशनासाठी, आलेल्या माणसांना पाणी पुरावं म्हणून ती खोदली होती, आणि गांधीजी अध्यक्ष होते असं काँग्रेसचं हे एकमेव अधिवेशन.

पण सगळ्यात भारी म्हणजे एक नदी धरून वेगवेगळ्या दिवशी केलेल्या सहली. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, खाली खानापूरला कुंभारकामाची केंद्रीय प्रशिक्षण संस्था आहे, तिथे माती मळण्यापासून भट्टीपर्यंतचं काम समजून घेता येतं (आधी फोन करून परवानगी घ्यावी), पुढे सौंदत्तीजवळ नवलतीर्थ धरण, आणि शेवटी कूडलसंगमला नदी कृष्णेला मिळते. कणकुंबीत मुलं मराठीत पत्ता विचारतात, सौंदत्तीला पोचेपर्यंत कन्नडशिवाय भागत नाही. घरी मराठीतून शिकणाऱ्या मुलाला कन्नड पाट्या वाचायची, कंडक्टरशी चार वाक्यं बोलायची सवय इथेच लागते. सीमाभागात राहायचं तर दोन्ही भाषा यायलाच पाहिजेत, आणि त्यासाठी एसटी स्टँडसारखा दुसरा वर्ग नाही.

गोकाकचा धबधबा घटप्रभेवर, उंची साधारण ५२ मीटर. १८८७ पासून इथल्या पाण्याची ताकद सूतगिरणीसाठी वापरली गेली, त्यामुळे पाणी पडतं आणि यंत्र कसं फिरतं हा सातवी-आठवीचा धडा इथे डोळ्यासमोर दिसतो. जुलै ते सप्टेंबर पाणी जोरात असतं, पण तेव्हा खडक निसरडे, कडेला जाऊ देऊ नये. उन्हाळ्यात गेलात तर नुसता कातळ बघून याल.

खर्च फार नसतो. कर्नाटकात राहणाऱ्या महिला आणि मुलींना जून २०२३ पासून शक्ती योजनेत सरकारी साध्या बसला तिकीट नाही, त्यामुळे आई आणि मुलगी फुकट जातात, मुलाचं तेवढं तिकीट काढावं लागतं. डबा घरचाच.

कायद्याचं थोडक्यात: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलांच्या शिक्षणाची तरतूद आहे, घरी शिकण्याला मात्र ना स्पष्ट परवानगी ना स्पष्ट बंदी. बरेच पालक मुक्त विद्यालयाच्या राष्ट्रीय संस्थेतून दहावी देतात, त्यासाठी वय १४ पूर्ण लागतं. सहलीला वेगळे मार्क नाहीत, तरी तारीख, ठिकाण, मुलाने स्वतः काढलेलं चित्र आणि त्याला पडलेले प्रश्न एका वहीत ठेवावेत, पुढे शाळेत घालायची वेळ आली तर मूल काय शिकलंय हे दाखवायला उपयोगी पडतात.